सर्व्हर, बदकं आणि मशीनवाला

मी टेबलाखाली पोटावर पडले होते. तोंडात टॉर्च, हातात केबल, केसांत जळमटं. आणि अचानक सगळं शांत झालं.

सकाळपासून कानाशी चाललेली पंख्याची घरघर थांबली होती. म्हणजे सर्व्हर बंद पडला होता. म्हणजे सकाळपासून चाललेली कॉपी पाण्यात गेली होती.

"इथे एकही प्लग रिकामा नव्हता," वरून कुणाचातरी निवांत आवाज आला. "म्हणून हा काढला. काही महत्त्वाचं नव्हतं ना?"

बाहेर सरकताना माझं डोकं टेबलावर आपटलं. समोर आधी दोन मोजे दिसले, त्यातल्या एकाला अंगठ्यापाशी भोक. मग धूळ उडवायचा ब्लोअर धरलेला हात. मग चेहरा.

"तुम्ही कोण?"

"मशीनवाला. काकूंनी सर्व्हिसिंगला बोलावलंय." त्याने खाली वाकून माझ्याकडे नीट पाहिलं. "आणि तुम्ही... टेबलाखाली राहता?"

मला त्या माणसाचा इतका राग आला की तो दिसायला बरा आहे हे लक्षात यायला पुढचा आठवडा जावा लागला.

आमचा सर्व्हर म्हणजे फार मोठं काही प्रकरण नव्हतं. आत्याच्या कामाच्या खोलीतला एक जुना कॉम्प्युटर, एवढंच. पण घरातलं सगळं त्याच्या पोटात होतं. आत्याने इतक्या वर्षांत काढलेली भरतकामाची डिझाइनं, माझे कामाचे व्हिडिओ आणि झाडून सगळे फोटो. आत्याचं भरतकामाचं मशीन भिंतीतल्या केबलमधून त्यातली डिझाइनं उचलायचं आणि मी माझ्या खोलीत बसून सिनेमांची सबटायटल्स करायचे. नोकरी लागल्यापासून मी आत्याकडेच राहते. त्यामुळे घरातल्या कॉम्प्युटरची सगळी दुखणी माझ्याच गळ्यात.

आणि दुखणी काय कमी होती? त्याच्यातलं विंडोज मनाला येईल तेव्हा अपडेट घ्यायचं आणि न विचारता बंद होऊन पुन्हा चालू व्हायचं. मशीन फुलाच्या मधोमध आलेलं असायचं, आणि डिझाइन गायब. आत्या खोलीतूनच हाक मारायची, "बयो, तुझा तो पुन्हा झोपला." त्यात आता नवीन विंडोज या जुन्या डब्यावर चढणार नाही असं कळलं. तेव्हा मी ठरवलं, बास. आता विंडोज काढून लिनक्स. एकदाच काय तो त्रास होईल, आणि मग डोक्याला ताप नाही.

आणि त्या एकदाच होणाऱ्या त्रासाच्या मधोमध हा माणूस ब्लोअर घेऊन उभा होता.

"सगळं दुसऱ्या डिस्कवर कॉपी होत होतं," मी दात आवळून म्हटलं. "आता काय पूर्ण आलं, काय अर्धवट राहिलं, काही कळायला मार्ग नाही. पुन्हा पहिल्यापासून."

त्याने गुपचूप ब्लोअरचा प्लग काढला, माझा लावला आणि संपूर्ण मशीन साध्या ब्रशने साफ केलं. जाताना दारात थांबला. "सॉरी," म्हणाला. "खरंच."

एवढं म्हणून तो गेला असता तर मी माफही केलं असतं. पण दोन दिवसांनी तो परत आला.

कारण त्याच डब्यात लिनक्स घालून नवा सर्व्हर सुरू झाला, माझ्या खोलीत व्हिडिओ दिसायला लागले, आत्याच्या फोनवर फोटो दिसायला लागले... आणि मशीनला काही म्हणजे काही दिसेना. आत्याला एका पाळणाघरासाठी छोट्या दुलया करून द्यायच्या होत्या, प्रत्येकीवर एक पिवळं बदक. तारीख जवळ आलेली. तिने सरळ फोन लावला, "मशीन रुसलंय, या बघू."

तो आला, पडद्यावर चार बटणं दाबली आणि माझ्याकडे वळला.

"मशीन ठणठणीत आहे. तुमच्या सर्व्हरनेच दार लावून घेतलंय."

"माझा सर्व्हर ठणठणीत आहे. तुमचं मशीन जुन्या पद्धतीने दार वाजवतंय. ती पद्धत आता असुरक्षित धरतात, म्हणून तो उघडत नाही."

"मग उघडायला सांगा."

"म्हणजे दाराला कुलूप लावायचं आणि किल्ली कुलपातच ठेवायची?"

"ते टाके घालतं हो. दरोडे घालत नाही."

मला हसू येत होतं आणि ते येतंय याचाच जास्त वैताग आला. आत्या दोघांच्या मधे चहाचा ट्रे घेऊन उभी होती. "तुमचं भांडण झालं की सांगा," म्हणाली, "मला बदकं काढायचीत."

पुढचे काही दिवस असेच गेले. बाकीची कामं उरकून तो संध्याकाळी यायचा, मी पडद्यासमोर बसायचे, तो मशीनपाशी स्टुलावर. मी काहीतरी बदलायचे आणि विचारायचे, "आता?" तो म्हणायचा, "नाही." पुन्हा बदल. "आता?" "नाही." एकदा त्याने "हो" म्हटलं आणि मी उडालेच.

"गंमत केली," तो म्हणाला.

"तुम्हाला घरी कुणी काही बोलत नाही का?"

"घरी कुणी नाहीये बोलायला," तो सहज म्हणाला आणि स्क्रू आवळत राहिला. मला उगाचच वाटलं, आपण जरा जास्तच टोचून बोलतो...

त्याच्या शर्टाला मशीनच्या तेलाचा वास असायचा आणि केसांत कुठलातरी धागा अडकलेला. एके दिवशी निळा होता. मी बराच वेळ त्या धाग्याकडे बघत होते. काढावा की सांगावं? शेवटी नुसतं म्हटलं, "केसांत काहीतरी आहे." त्याने चुकीच्या बाजूला हात फिरवला. "इकडे," मी म्हटलं. त्याने अजूनच चुकीच्या बाजूला फिरवला, आणि हे तो मुद्दाम करतोय की काय, असा मला संशय आला. मग मीच उठून काढला. तो इतका स्थिर बसून राहिला, की मलाच घाईने काहीतरी टाइप करायला जावं लागलं.

एवढं सगळं बरं चाललेलं असताना त्याने घोळ घातला.

शुक्रवारी मी बाहेरून आले तर मशीन टकाटक चालू, आणि आत्या खुशीत. दुलईवर बदक उमटत होतं. मला वाटलं, मशीनला सर्व्हर दिसायला लागला. मग मला मशीनच्या कुशीत खोचलेला पेन ड्राइव्ह दिसला.

"हे काय?"

"काकूंची तारीख आलीय," तो म्हणाला. "तुम्ही कॉपी ठेवलेल्या त्या डिस्कवरची डिझाइनं यात टाकून दिली. काम झालं."

"मग मी इतके दिवस काय करतेय?"

"तुमचं चालू ठेवा ना. मी फक्त..."

"तुम्ही फक्त मला न विचारता माझ्या कामावर पाणी ओतलंत. आता अर्धी डिझाइनं इथे आणि अर्धी तिथे. हेच होऊ नये म्हणून तर हा सगळा खटाटोप होता. आमच्या घरात यापुढे मला विचारल्याशिवाय कशाला हात लावू नका."

त्याने पिशवीत अवजारं भरली, आत्याला "येतो काकू" म्हटलं आणि गेला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी जिंकले होते, आणि मला अजिबात बरं वाटत नव्हतं. शनिवारी सकाळी एकच सबटायटल मी चारदा लिहिलं आणि चारदा खोडलं.

दुपारी आत्याने हाक मारली. तिच्या समोर दुलयांचा ढीग होता आणि चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेला भाव.

"बयो, या बदकाला किती पाय आहेत?"

मी मोजले. पुन्हा मोजले. तीन.

झालं असं होतं, की ते बदक आत्याने आधी चुकीचं काढलं होतं आणि मागच्याच आठवड्यात माझ्याकडे बसून तो जास्तीचा पाय पुसला होता. दुरुस्त बदक नव्या सर्व्हरवर होतं. पेन ड्राइव्हवर जुनं गेलं होतं. सगळ्या दुलयांवर तीन पायांची बदकं पाळणाघराच्या दिशेने निघाली होती.

माझंच म्हणणं खरं ठरलं होतं. पण आत्याचा चेहरा बघून ते मिरवायची इच्छा होईना. तिने फोन केला होता, तो आलाच. दुलई हातात घेऊन त्यानेही पाय मोजले.

"चुकलं माझं, काकू," म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "तुमचं बरोबर होतं. विचारायला हवं होतं."

आता यावर माणसाने भांडायचं तरी कसं? "तुमचंही एक बरोबर आहे," मी म्हटलं. "हे मशीन माझ्या सर्व्हरशी या जन्मात बोलणार नाही."

"नाही. ते फक्त पेन ड्राइव्हवर विश्वास ठेवतं."

आम्ही दोघांनी एकदम एकमेकांकडे पाहिलं. मग मी हळूच म्हटलं, "मग... त्याला पेन ड्राइव्हच देऊ या. म्हणजे, तसं त्याला वाटेल."

बोटाएवढा छोटा कॉम्प्युटर मिळतो. त्यात लिनक्स घालायचं. एका बाजूने तो माझ्या सर्व्हरवरची ताजी डिझाइनं घेणार आणि दुसऱ्या बाजूने मशीनला सांगणार, मी साधा पेन ड्राइव्ह आहे. मशीनवाला ऐकत गेला तसा त्याचा चेहरा खुलत गेला.

"म्हणजे मशीनला फसवायचं?"

"समजूत घालायची."

रविवारचा अख्खा दिवस त्यात गेला. मशीनला किती मोठा पेन ड्राइव्ह चालतो, नावं किती लांब चालतात, नवीन डिझाइन आलं हे कसं कळवायचं, हे सगळं मशीनवाल्याला तोंडपाठ. ते घडवून आणणं माझ्याकडे. मधेमधे आत्या तिसरे पाय उसवत बसली होती. संध्याकाळी मी विचारलं, "आता?"

तो उत्तर देईना. मी वळून पाहिलं. पडद्यावर दोन पायांचं बदक होतं, आणि तो पडद्याकडे बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता.

"हो," तो म्हणाला.

दुलया वेळेवर गेल्या. आणि इथून माझ्या खऱ्या वैतागाला सुरुवात झाली.

कारण आता काही बिघडतच नव्हतं. सर्व्हर चालूच. अपडेट घ्यायचा, पण कुणाला न छळता. मशीन टकाटक, डिझाइनं जागच्या जागी. हेच तर मला हवं होतं. मी रोज सकाळी आशेने मशीनपाशी जायचे आणि ते मुकाट्याने टाके घालत असायचं. एक आठवडा गेला, दुसरा गेला. पूर्वीचं विंडोज असतं तर एव्हाना तीनदा बोंब झाली असती आणि तो तीनदा आला असता. कुठून हा लिनक्सचा हट्ट धरला असं झालं मला.

"आत्या, मशीन थोडा आवाज करतंय का?"

"नाही."

"सर्व्हिसिंग कधी आहे पुढचं?"

"सहा महिन्यांनी." आत्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "त्याला काय सांगून बोलावू? मशीन ठीक आहे, मुलगी बिघडलीय?"

मी तावातावाने खोलीत गेले, दार लावलं आणि फोन हातात घेतला. काहीतरी कारण शोधायला हवं होतं. सुचेना. शेवटी तसाच लावला.

"बोला," तो लगेच म्हणाला. "काय बिघडलं?"

"काही नाही."

"सर्व्हर?"

"चालू आहे."

"मशीन?"

"तेही चालू आहे. सगळं चालू आहे. काहीच बिघडलेलं नाही, कंटाळा आलाय मला." माझा आवाज चढला. "काही बिघडल्याशिवाय तुम्हाला फोन करायचाच नाही, असं आहे का?"

मग तो हळूच म्हणाला, "मी परवा येऊन गेलो. तुमच्या फाटकापर्यंत. काय कारण सांगू ते सुचेना... म्हणून परत गेलो."

"फाटकापर्यंत येऊन परत गेलास?"

आपण काय बोललो ते माझं मलाच ऐकू आलं. कान तापले. त्यालाही ऐकू आलं असणार, कारण त्याचा श्वास थांबल्यासारखा वाटला.

"गेलास म्हणालात."

"हो," मी म्हटलं. "आणि ते मी परत घेणार नाहीये. मी गेले दोन आठवडे देवाकडे मशीन बिघडू दे म्हणून मागतेय. आत्याचं मशीन, ज्याच्या जिवावर हे घर चालतं. इतकी वाईट वेळ आणलीयस तू माझ्यावर."

तो हसला. आधी थोडं, मग मोकळं. "येऊ?" त्याने विचारलं. "कारण नाहीये काही. तुला बघावंसं वाटतंय, एवढंच."

"मग विचारत काय बसलायस?"

तो किती वेगाने आला कुणास ठाऊक. मी केस नीट करून बाहेर येईपर्यंत आत्याने दार उघडलंही होतं. आज त्याच्या हातात अवजारांची पिशवी नव्हती, त्यामुळे हातांचं काय करावं ते त्याला कळत नव्हतं.

"आज काय काढलंस?" आत्याने विचारलं. "काही बिघडलेलं नाही आमच्याकडे."

"माहितीये काकू. मी... हिला भेटायला आलोय."

एवढं धीटपणे म्हणून तो सवयीने सरळ कामाच्या खोलीकडे वळला.

"अरे, तिकडे कुठे?" आत्या म्हणाली. "ती इकडे उभी आहे."