ठकी वरचं पाणी पीत नाही

एकशे शहात्तराव्या दिवशी ठकीने पाण्याची वाटी चौथ्यांदा उपडी केली. भिंतीवरच्या शुद्धिपालाने, म्हणजे पाण्यावर पहारा ठेवणाऱ्या यंत्राने, लगेच सुनावलं, "सांडलेलं पाणी शंभर मिलिलिटर. कृपया परत करा."

हंसा बनसोडेने फडकं घेतलं, फरशी टिपली आणि फडकं मोरीत पिळलं. इथे थेंब वाया घालवायची मुभा नव्हती.

कागदोपत्री या जागेचं नाव 'संवृत जलवसाहत'. आत राहणारे तिला डबा म्हणत. चार खोल्या, एक टाकी, एक पोलादी दार. श्वासाची वाफ, अंगाचा घाम, मूत, भांड्यांचं खरकटं पाणी, सगळं जलचक्रात जायचं आणि नळातून पुन्हा प्यायला यायचं. बाहेरून एक थेंब आत नाही, आतला एक थेंब बाहेर नाही. डबा उभा होता त्या सोलापूरच्या उत्तरेच्या माळावर आठवड्यातून एकदा टँकर येतो. तिथे अशाच पाण्यावर चालणारी शहरं उभी करायची होती, आणि त्याआधी तीन माणसं आणि एक मांजर डब्यात घालून पाहायची होती. हेतू चांगलाच होता. हेतू नेहमी चांगलाच असतो.

"तहान नसेल तिला," हंसा म्हणाली.

"तहान नाही कशी? ती बघा." डॉ. रहीम मुजावर सांगलीकडचे गुरांचे डॉक्टर. ठकीला त्यांनीच आणलं होतं. शीतयंत्राच्या नळीतून हवेतल्या वाफेचं पाणी टपटपत होतं आणि ठकी त्याखाली तोंड वर करून बसली होती. "वाटीतल्या पाण्यात आधी पंजा घालते, हलवून बघते, हुंगते आणि देते ढकलून. लोक म्हणतात मांजराचे नखरे. नखरे कसले हो बाई? मांजर पाणी पितं कसं ठाऊक आहे का?"

"जिभेने."

"जिभेने तर कुत्रंही पितं. कुत्रं जिभेचा चमचा करतं आणि खोलात बुडवतं. मांजर जिभेचं टोक पाण्याला नुसतं टेकवतं आणि झटक्यात वर घेतं. जिभेमागे पाण्याची बारीक धार उठते, तेवढीच तोंडात. म्हणजे मांजर फक्त वरचं पाणी पितं. दुधावरची साय खावी तसं."

हंसा रसायनतज्ज्ञ होती. हातातलं फडकं तिथेच थांबलं.

"आणि डॉक्टर, शुद्धिपाल नमुना कुठून घेतो?"

"मला काय विचारता? यंत्र तुमचं."

"टाकीच्या बुडातून," हंसा स्वतःशीच बोलली. "गाळ खाली बसतो म्हणून नळी बुडाशी ठेवलीय. वरचं पाणी आजवर कोणी तपासलेलंच नाही."

"ठकीने तपासलंय," मुजावर म्हणाले आणि पुन्हा पत्ते पिसू लागले.

हंसाने साधं ड्रॉपर घेतलं. शीतयंत्राचं एक मिलिलिटर पाणी थेंब थेंब सोडलं. वीस थेंब झाले. मग दुपारभर स्थिर ठेवलेल्या वाटीचं वरचं पाणी उचलून तेवढंच सोडलं. तेवीस. पुन्हा मोजलं, तेवीसच. पाण्याच्या पृष्ठभागाला एक ताण असतो, तो थेंबाला धरून ठेवतो. ताण कमी झाला की थेंब लवकर सुटतात, लहान पडतात, जास्त भरतात. पाण्यात काहीतरी पृष्ठप्रिय होतं. असे रेणू पाण्यात मिसळून राहत नाहीत. पाणी स्थिर झालं की वर येतात आणि पातळ पापुद्रा धरतात. धार वाहती असली की पापुद्रा धरायला त्यांना वेळच मिळत नाही. बुडाशी नेहमी सगळं उत्तम.

तिने हे दोघांना सांगितलं.

"असं होय," मुजावर म्हणाले. "बघू की."

"अहवालात लिहा," प्रमुख विश्वंभर घोरपडे म्हणाले. सैन्यातून निवृत्त झालेला अभियंता, आवाज कधी न चढवणारा.

हंसालाही ते पुरेसं वाटलं. लिहू उद्या. तिला कशाचीच घाई वाटत नव्हती, आणि कशाचीच घाई वाटत नाही हेही खटकत नव्हतं. फक्त प्रयोगाची जुनी खोड म्हणून तिने नळाचं पाणी सोडलं आणि ठकीच्या नळीखाली आपलं भांडं लावलं; वाफेतून नुसतं पाणीच येतं. दिवसाला चार लिटर मिळायचे. एक बाई आणि एक मांजर, कसंबसं भागायचं.

पाचव्या दिवशी सकाळी चहा गाळताना तिला एकदम आठवलं. रुजूचे निरोप!

रुजू तिची मुलगी, अकरा वर्षांची, आजीपाशी ठेवलेली. तिचे ध्वनिनिरोप दर तीन दिवसांनी येत. हंसाने पडदा उघडला. न ऐकलेले निरोप एकोणचाळीस. साठाव्या दिवसानंतर तिने एकही ऐकला नव्हता. रोज 'ऐकीन' म्हणायची आणि रोज शांत झोपायची.

तिने ओळीने ऐकले. "आई, तू खोटारडी आहेस! पत्र पाठवते म्हणालीस." "आई, मला पाळी आली. आजीला सांगायला लाज वाटते गं, तू बोल ना." "शंभराव्या दिवशी तुम्हाला विचारलं होतं ना, यायचंय का म्हणून? तू नाही म्हणालीस? नाही म्हणालीस तू?" हुंदके, आदळआपट, मग नुसता श्वास. त्यानंतर एकशे एकतिसाव्या दिवसापासून आवाज एकदम सपाट. "आई, प्रकल्पाने आम्हाला नवीन घर दिलं. आजी खूश आहे. सगळं छान आहे. तू सावकाश ये."

पोरीने माझी आशा सोडली, हंसाला वाटलं. तिने हातातला पेला भिंतीवर फेकला.

"सांडलेलं पाणी," शुद्धिपाल म्हणाला.

"गप बस, मेल्या!"

मुजावर दारात येऊन हसले. "काय हो बाई, आज काय झालं?"

"शंभराव्या दिवशी आपण नकार का दिला, डॉक्टर?"

प्रकल्पाचा एक नियम होता, दारप्रश्न. दर शंभराव्या दिवशी बाहेरून विचारणार, बाहेर यायचंय का? तिघेही हो म्हणाले तरच दार उघडणार. एकाचा नकार म्हणजे आणखी शंभर दिवस. मागच्या वेळी तिन्ही नकार अर्ध्या मिनिटात देऊन झाले होते, आणि मग तिघांनी शेंगदाण्याची चटणी वाटली होती.

"इथे बरं चाललंय की," मुजावर म्हणाले.

"तुमच्या थोरल्याचं लग्न होतं मागच्या महिन्यात."

"होतं ना," ते हसतच म्हणाले. "झालं असेल."

तो चेहरा पाहून हंसा हादरली. दोन भली माणसं हसत होती, पत्ते खेळत होती, आणि त्या चार खोल्यांत ती एकटीच जागी होती. ओरडलं असतं तरी त्यांनी तिला चहा करून दिला असता.

ती घोरपड्यांसमोर जाऊन बसली. "सर, पाण्यात औषध आहे. मन थंड करणारं. तसलं औषध मी घेत नाही, डॉक्टर घेत नाहीत. तुम्ही?"

घोरपड्यांनी खिशातली गोळ्यांची पट्टी काढून पुढे ठेवली. "दोन गोळ्या. रोज. मला बंद जागेची भीती वाटते."

"आणि तुम्हाला डब्यात घातलं?"

"मीच मागून घेतलं. वैद्यकीय समितीने परवानगी दिली. गोपनीय म्हणून शिक्का मारला."

"आणि जलसमितीला?"

"माझ्या आजाराचा पाण्याशी काय संबंध, बनसोडे?"

हंसा हसली, पण हसू चांगलं नव्हतं. औषधाचा कागद एका कपाटात, पाण्याचा कागद दुसऱ्या कपाटात, आणि दोन्ही कपाटांवर शहाणी माणसं बसलेली. गोळी पोटात जाते, तिचा मोठा भाग लघवीतून जसाच्या तसा बाहेर पडतो. गावात तो गटारात जातो. इथे गटार म्हणजेच नळ. जलचक्राच्या गाळण्या क्षार आणि जंतू अडवत होत्या, हा तेलकट रेणू सुटून जात होता. रोज दोन गोळ्या, एकशे एक्याऐंशी दिवस. बंद पाण्यात एकाचं औषध ते सगळ्यांचं औषध.

"आमची हरकत, आमचा राग, आमची लेकरं, सगळं विरघळलं सर त्यात."

"मग?" घोरपड्यांनी शांतपणे विचारलं. त्यांचा दोष नव्हता. तेही तेच पाणी पीत होते, वर गोळ्या वेगळ्या.

दारप्रश्नाला एकोणीस दिवस उरले होते. त्या दोघांच्या तोंडून मनापासून हो निघायला हवं होतं आणि चार लिटरमध्ये तीन माणसं जगत नाहीत. टाकीच साफ करायला हवी होती. कशी, ते नकळत मुजावरांनीच सांगितलं.

"आमच्याकडे गुऱ्हाळात रस उकळताना मळी वर येते," ते पत्ते वाटत म्हणाले. "झाऱ्याने काढत राहायची. वर येतंय त्याला वरच धरायचं."

हंसाने टाकीच्या बुडातून हवेची नळी सोडली. बुडबुडे वर निघाले आणि प्रत्येक बुडबुडा पृष्ठप्रिय रेणू अंगाला लावून वर आला. वर फेस जमला. तिने तो झाऱ्याने काढून काचेच्या बरणीत बंद केला. ही फेसगाळणी बारा दिवस चालली. घोरपड्यांच्या गोळ्या तिने त्यांच्या संमतीने दोनावरून एकीवर, एकीवरून अर्ध्यावर आणि मग शून्यावर आणल्या. सहज संमती दिली बिचाऱ्यांनी. तेव्हा ते कशालाही हो म्हणाले असते.

दहाव्या दिवशी न्याहारीला मुजावरांचा घास हातातच राहिला. "माझ्या पोराचं लग्न," ते म्हणाले. "बाई, माझ्या पोराच्या लग्नाला मी नव्हतो." ताट सारून ते लहान मुलासारखे रडले. बाराव्या दिवशी घोरपडे पोलादी दारावर मुठी आपटू लागले. अंग घामाने भिजलेलं, ओठ पांढरे. हंसाने त्यांना मागून धरलं. "सात दिवस, सर. फक्त सात. मोजू आपण." ते थेंबांसारखे दिवस मोजत राहिले. भीती परत आली होती, आणि ती त्यांची स्वतःची होती.

हंसाने वाटी भरून ठकीसमोर ठेवली. ठकीने पंजा घातला, तरंग पाहिले, हुंगलं. मग बसली आणि पोटभर प्यायली.

दोनशेव्या दिवशी दुपारी बाहेरचा आवाज आला. "बाहेर यायचंय का?"

"हो." "हो." "हो, आणि आत्ता!" घोरपडे किंचाळले.

हंसाने भांडणाची तयारी ठेवली होती. अहवाल हातात, बरणी कडेवर. आता विचारतील का, कशासाठी, इतका खर्च वाया कसा घालवता. आवाज म्हणाला, "बरं. छान."

दार उघडलं.

माळ नव्हता. जिथे कुसळं उगवायची तिथे पाच-पाच मजली इमारती होत्या, स्वच्छ रस्ते होते, माणसं होती. प्रकल्पाचे संचालक चौधरी हसत पुढे आले. "या, या. निर्झरनगर. तुमच्या पहिल्या शंभर दिवसांच्या अहवालावर लगेच मंजुरी मिळाली. घरांचे तयार भाग आधीच करून ठेवले होते, नुसते रचले. तीन माणसं, शंभर दिवस, तक्रार एकही नाही! असा निकाल कुठल्याच वसाहतीने दिला नव्हता. चाळीस हजार लोक राहतात इथे आता, तुमच्या तिघांच्या घरचेही. सगळ्यांना तेच जलचक्र. आसपासची सहा शहरंही जोडली."

"चाळीस हजार," हंसा म्हणाली. चाळीस हजारांत किती जणांच्या गोळ्या, झोपेच्या, मनाच्या, दुखण्याच्या. "चौधरी साहेब, पाणी बंद करा. आत्ता. औषध साठतंय त्यात."

"असं होय," चौधरी प्रेमाने म्हणाले. "बघू की."

तिने वर पाहिलं. इमारतींच्या प्रत्येक खिडकीखाली शीतयंत्राची नळी टपटपत होती, आणि प्रत्येक नळीखाली, कठड्यावर, पत्र्यावर, पायरीवर, तोंड वर करून एकेक मांजर बसलं होतं.

"आई."

रुजू. उंच झाली होती. धावत आली नाही, चालत आली, आणि पाण्याचा पेला दोन्ही हातांनी पुढे केला. "दमली असशील. पी ना."

"रुजू, मी शंभराव्या दिवशी नाही म्हणाले. तुला राग नाही आला?"

"आला असेल," रुजू म्हणाली. "आता छान आहे सगळं."

मुजावरांच्या कडेवरून ठकीने उडी मारली. पेल्यात पंजा घातला, तरंग पाहिले आणि पेला ढकलून दिला. मग वळली आणि शेपूट उभी करून सरळ उघड्या दारातून डब्यात परत गेली, आपल्या वाटीपाशी.

हंसाने आजूबाजूच्या सगळ्या हसऱ्या चेहऱ्यांकडे पाहिलं. एवढ्या मुलखात तेवढी एकच टाकी साफ होती. तिने रुजूचा हात धरला.

"आई, कुठे?"

"आत. बारा दिवस."

"बरं," रुजू म्हणाली.

"डॉक्टर, तुम्ही पोराला घेऊन या. सुनेलाही."

मुजावर धावत सुटले. घोरपडे उंबऱ्यापाशी उभे होते. एकदा त्यांनी मोकळ्या आभाळाकडे पाहिलं, एकदा दाराकडे. मग डोळे मिटून त्यांनी आत पाऊल टाकलं, कठडा घट्ट धरला आणि म्हणाले, "डॉक्टर आले की लावा दार. मी बारा मोजतो. आणि बनसोडे, मला गोळी मागू देऊ नका."

त्यांना कोणी अडवलं नाही. कोणाला काही हवंच नव्हतं.

हंसाने वाटी भरली आणि लेकीच्या ओठांना लावली. रुजू शहाण्या मुलीसारखी घोट घोट पीत राहिली. हंसा तिच्या कपाळाकडे बघत बसली, कधी त्यावर पहिली आठी पडते आणि कधी ती आपल्यावर ओरडते म्हणून.