स्टेजखालचे तीस रांजण

"उतरा खाली! आधी स्टेजवरून उतरा!"

काठी आपटत ओव्हरसियर साहेब आत शिरले, तेव्हा मैना राजाच्या थाटात तलवार उपसत होती. तलवार पुठ्ठ्याची होती, पण मैनाचा राग अगदी खरा होता.

"का म्हणून? आमची तालीम चाललीय! सोमवारी नाटक हाय आमचं!"

"सोमवारी ही इमारत पाडायची आहे!"

जया, मैना आणि धाकटा पदू, तिघांचीही तोंडं उघडीच राहिली. पाडायची? आंबेखिंडचं राष्ट्रीय नाट्यमंदिर?

कर्जतहून खालापूरकडे जाताना रस्त्यालगत हे नाट्यमंदिर दिसायचं. काळ्या दगडाच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, दोन्ही बाजूंना वारा खेळायला पुरुषभर उंचीच्या खिडक्या. एकतीस साली गावाने स्वतः दगड वाहून ते बांधलं होतं. दारावरचा 'राष्ट्रीय' हा शब्द तेव्हाच्या इंग्रजी फौजदाराला खुपला. त्याने त्यावर चुना फासला. गावाने तो खरवडून काढला. त्याने पुन्हा फासला, गावाने पुन्हा खरवडला. तिसऱ्या खेपेला फौजदारच कंटाळला! अशा गावातली ही पोरं, एका काठीला भिऊन गप्प थोडीच बसणार?

साहेबांच्या मागोमाग नाट्यमंदिराचे अध्यक्ष श्रीपतराव घाम पुसत आले. जया त्यांनाच आडवी गेली. "श्रीपतकाका, हे काय म्हणतायत?"

"अगं, साहेबांनी तपासलंय. मी सहीसुद्धा केली."

साहेब स्टेजच्या फळ्यांवर काठी ठोकत चालले. ठण्ण! ठप्प! ठण्ण! "ऐकलंत? पोकळ! वाळवीने पार पाया खाल्लाय. आणि स्टेजच्या दर्शनी फळीला ही भोकं बघा. उंदीर!"

"तुमी खाली उतरून बघितलंत?" जयाने विचारलं.

"मला शिकवतेस? वीस वर्षं इमारती तपासतोय मी!"

म्हणजे बघितलं नव्हतं! पण श्रीपतरावांनी मान खाली घातली, साहेबांनी दाराला कुलूप ठोकलं, आणि तेरा वर्षांच्या मुलीचं कोण ऐकतंय?

तिघं बाहेर पायरीवर बसली. मैना रडकुंडीला आली होती. पदू मात्र बोटांवर कसला तरी हिशेब करत होता.

"जयाताई, साहेब काठी ठोकत चालले ना, तवा ठण्ण, ठप्प, ठण्ण, ठप्प वाजत हुतं. येकाआड येक."

"मग?"

"वाळवी काय फूटपट्टी घेऊन खाते?"

जया ताडकन उठली. "पदू, तुला डोकं हाय रं!"

"हायेच मुळी!"

कुलूप दाराला होतं, खिडक्यांना नव्हतं. दोन मिनिटांत तिघं आत! जयाने एक दांडकं घेतलं आणि ती वाकून फळ्या ठोकत निघाली. ठण्ण वाजलं की मैना खडूने फुली मारायची. पाऊण तासाने तिघं मागे सरून बघतात तो काय, एका ओळीत सहा फुल्या, अशा पाच ओळी! अगदी कवायतीला उभ्या केल्यासारख्या. आणि दर्शनी फळीवरची भोकं? सगळी नारळाएवढी, सगळी गोल गरगरीत.

"उंदीरसुद्धा शिस्तीचे दिसतात!" मैना म्हणाली.

स्टेजच्या बगलेला एक लहानसं दार होतं. त्यातून पदू सरपटत आत गेला. आतून त्याचा आवाज आला तो असा घुमून, की मैनाने कानांवर हातच ठेवले.

"रांजण हायत गं! मोठ्ठे रांजण! जमिनीत अर्धे पुरलेत, तिरके. तोंडं सगळी खुर्च्यांकडं!"

"आणि वाळवी?"

"येक बी नाय! तुळया ठोकून बघितल्या, दगडावानी हायत! आणि रांजणांवर कुणाच्या तरी हाताचा पंजा उठवलाय. बाईमाणसाचा वाटतो, बांगडीची खूण बी हाय!"

आंबेखिंडीत मडक्यावर असा पंजा उठवणारं घर एकच. तिघं धावत कुंभारवाड्यात गेली. धोंडूबाई कुंभारीण माती मळत बसली होती. कानांनी फारच कमी ऐकणारी. जयाने ओरडून ओरडून सगळं सांगितलं, तशी म्हातारीचे मातीने भरलेले हात थांबले.

"माझेच पंजे गं ते! मामंजी आनि मी, आमी दोघांनी तीस रांजण घडवले. तवा कर्णा नव्हता, वीज नव्हती. स्टेजवरचा बोल रांजणात घुमावा आनि फळीच्या भोकांतनं पार शेवटच्या रांगंला जावा, म्हणून पुरले. मेस्तरी गेला, मामंजी गेले. कागुद कुनी ठेवला नाय."

"नाटक कसं ऐकू यायचं तवा?" मैनाने विचारलं.

"मला काय ठावं? मी येकदाबी आत गेली नाय. बायांची बसायची सोय नंतर झाली, तवा माझ्यामागं पोरं आनि भट्टी!"

"सोमवारी तुमी आत यायचंच, पार शेवटच्या रांगंत!" जया रागाने ओरडली.

सोमवारी सकाळी आठ गडी पहारी-कुदळी घेऊन आले. साहेबांनी कुलूप काढलं. आत बघतात तो खिडकीतून शिरलेली तीन पोरं स्टेजवर मांडी घालून बसलेली, आणि अगदी शेवटच्या रांगेत, त्यांनी त्याच वाटेने आत आणलेली, नवं लुगडं नेसलेली धोंडूबाई!

"चला, बाहेर!" साहेब गरजले.

"नाय उठणार!" जया म्हणाली. "आमाला उचलून न्यायचं तर न्या. पण आधी गावासमोर खाली उतरून बघा! नायतर न बघता सही केली, असं आमी गावभर सांगू!"

दारात माणसं जमली होती. श्रीपतरावांचा चेहरा पडला. ते पुढे झाले. "साहेब, पोरगी बरोबर बोलतेय. बघाच तुम्ही."

साहेब कुरकुरत स्टेजखाली शिरले. मग धुळीने माखलेले साहेब बाहेर आले. श्रीपतरावांकडे वळून ते हळूच म्हणाले, "पोकळ आहे. पण मुद्दाम पोकळ केलंय. लाकूड शिसवासारखं टणक आहे. चुकलं माझं."

"अजून पटलं नसंल तर ऐका," जया म्हणाली. तिने मैनाला खूण केली.

मैना उभी राहिली. ओरडली नाही, नेहमीच्या बोलण्याइतक्याच आवाजात म्हणाली, "धोंडूबाई, तुमचे तीसही रांजण शाबूत हायत."

मग पार मागून, घरात हाक मारली तरी जिला ऐकू येत नसे, ती म्हातारी ओरडली, "ऐकलं गं पोरी! समदं ऐकलं!"

नाट्यमंदिर टाळ्यांनी दणाणून गेलं. श्रीपतरावांनी पाडापाडीचा कागद टराटरा फाडला. "शाबास रे पोरांनो! आम्ही मोठ्यांनी डोळे मिटून सह्या केल्या, तुम्ही डोळे उघडे ठेवलेत. आणि धोंडूबाई, या चला, पुढच्या खुर्चीवर बसा. मान तुमचा."

"मी नाय उठायची!" धोंडूबाईने खुर्चीचे हात घट्ट धरले. "माझे रांजण बोलत्यात हितं. बत्तीस वर्सं उशीर केलाय मी. आता पोरांचं नाटक पुरं झाल्याबिगर कुनी मला उठवून दाखवा!"

गड्यांनी एकमेकांकडे पाहिलं, पहारी भिंतीला टेकवल्या आणि डोक्यावरची मुंडाशी सोडून ते म्हातारीच्या दोन्ही बाजूंना बसले.