ओटा आयता?

त्या रविवारी आईनं पाटावर उभं राहून सात भाकरी केल्या. पाट बसायचाच, पण आमच्या औरादच्या घरात त्यावर कुणी कधी बसलं नव्हतं. ओटा बांधताना गवंडी भीमण्णानं माप धरलं ते स्वतःच्या कोपराचं, आणि भीमण्णा होता सहा फुटी. माझी आई सुमनबाई त्याच्या खांद्यालाही लागायची नाही. एकतीस वर्षं ती पाटावर चढून स्वयंपाक करत आली.

त्या दिवशी मात्र तिनं पाट पायानं सरकवला, पेन्सिल मागितली आणि ओट्याशेजारी भिंतीवर एक रेघ ओढली.

"हितपर्यंत पायजे नवा ओटा. पाट नगं मला आता."

सुट्टीत करू, मी म्हणाले. गुलबर्ग्याची बस गाठायची होती, तिथल्या कॉलेजात मी शिकवते. औरादच्या कॉलेजातही जागा निघाली होती, त्याबद्दल आईनं विचारलं तेव्हाही मी सुट्टीत बघू असंच म्हणाले. रात्री तिचा नेहमीचा फोन आला. जेवलीस का? हो गं, जेवले, ठेवू का? सोमवारी सकाळी शेजारच्या सिद्धव्वांचा फोन आला. आई झोपेतच गेली होती.

दोन महिन्यांनी सुट्टी लागली. मामानं घरासाठी भाडेकरू शोधून ठेवला होता, बँकेतले साहेब. त्यांची अट एकच, स्वयंपाकघर नवं हवं. मी स्वयंपाकघरात उभी राहिले तेव्हा रेघेशेजारी आईच्या हातचा एक फोन नंबर दिसला. नाव नव्हतं. वाटलं, तिनं ओटा कुठंतरी सांगूनच ठेवला असणार. फोन लावला. पलीकडून कानडी आली, म्हणून मीही माझी मोडकी कानडी बाहेर काढली आणि ओटा झाला का ते विचारलं.

"ओटा आयता?"

"आयतु री अक्का," पलीकडचा आवाज आनंदानं म्हणाला. "मस्त झुणका-भाकरी. निमदु?"

कानडीत 'ऊटा आयता' म्हणजे जेवण झालं का. एका अनोळखी माणसाला फोन करून मी त्याच्या जेवणाची चौकशी केली होती... आणि त्यानंही ती गोड मानून घेतली होती. दोन महिन्यांत मी पहिल्यांदा हसले. मग त्यानं पुन्हा विचारलं, तुमचं झालं का. किती सोपं होतं ते. त्यानं उलट विचारलं होतं. इतक्या वर्षांत आईला मी ते एकदाही विचारलं नव्हतं.

तो वीरेश. बिदर रस्त्यावर त्याचं दगड-फरशीचं दुकान. दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा तो दगडाच्या पांढऱ्या धुळीत उभा होता, पापण्यांवरसुद्धा धूळ. त्याला आई आठवत होती. त्या रविवारच्या आधी कधीतरी आली, एकेका दगडावर कोपर टेकवून बघितलं, आणि लेकीला घेऊन येते म्हणून गेली. आता ती नाही, हे मी सांगितलं. त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि थोडा वेळ हातात धरली. ते मला आवडलं.

"टिकाऊ कोणता?" मी विचारलं.

सांगण्याऐवजी त्यानं चार तुकडे पिशवीत घालून दिले. काळा ग्रॅनाइट, शहाबादी, संगमरवर आणि कारखान्यातला क्वार्ट्झ. घरी नेऊन छळा म्हणाला, जो ओरडणार न्हाई तो घ्या.

मी छळलं. लिंबू पिळलं, हळद-तेल सांडलं, तापलेला तवा टेकवला. रोज संध्याकाळी फोनवर निकाल कळवायचा, आणि रोज त्याचं पहिलं वाक्य तेच, जेवलात का. संगमरवरावर लिंबाचा डाग पडला. शहाबादीनं हळद पिऊन टाकली. क्वार्ट्झवर तव्याचं पिवळं कडं उठलं. काळा ग्रॅनाइट तेवढा ढिम्म. तिसऱ्या फोनला लक्षात आलं, हा मला अक्का म्हणेनासा झालाय.

"हे तुम्हाला आधीच ठावं होतं, व्हय की न्हाई?" चौथ्या दिवशी मी म्हणाले.

"व्हय."

"मग सांगितलं कामून न्हाई?"

"सांगितलं असतं तर..." तो थांबला. "चार दिवस फोन कशाला आला असता?"

मी फोन ठेवला. मग उगाचच त्या काळ्या तुकड्यावर बोट फिरवत बसले. गुळगुळीत, गार... आणि माझे कान तापलेले.

ओट्यामागच्या टाइल्सवरून आमचं भांडणच झालं. मला हव्या होत्या छोट्या, निळ्या नक्षीच्या. तो म्हणे मोठ्या घ्या. फोडणीचं तेल सांध्यात जाऊन बसतं, जितके सांधे कमी तितकं घासणं कमी. मी म्हणाले, घासणार भाडेकरीण, तुम्हाला काय एवढं? तो एकदम गंभीर झाला. भाडेकरूचं त्याला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो माप घ्यायला घरी आला. मी रेघ दाखवली, म्हटलं, इथं. त्यानं टेप लावली. तीस इंच.

"हे आईंचं माप झालं," तो हळूच म्हणाला. "स्वयंपाक कोण करणार हाय?"

"साहेबांची बायको."

"मग त्यांना बोलवा. कोपराचं माप घेतल्याबिगर मी ओटा बसवत न्हाई."

मी रेघेकडे बघत राहिले. परक्या बाईचं कोपर, माझ्या आईच्या भिंतीला. औरादच्या कॉलेजाचा अर्ज गुलबर्ग्यात टेबलावर पडून होता, मुदत शुक्रवारपर्यंत. मामा म्हणत होता रिकाम्या घरात काय करणार. मला एकच दिसत होतं, आता जो आकडा सांगेन त्या उंचीवर हे घर उभं राहणार.

"माझं घ्या," मी म्हणाले.

"काय?"

"माप. माझं घ्या. मी राहणार हाय हितं."

त्याच्या डोळ्यांतला आनंद लपत नव्हता. हात वाकवा म्हणाला, कोपर सैल सोडा. टेप जमिनीपासून वर आली. मला न लागू देता तो ती धरत होता. वाकला, बघितलं, पुन्हा वाकला.

"चार बोटं खाली धरून... चौतीस."

"चौतीसला दोनदा मोजावं लागतं?"

"पहिल्यांदा आकडा बघायचा राहून गेला," तो म्हणाला, आणि टेप सुटून खडखड करत आत गेली. मी हसले. तोही.

आठवडाभर गवंडी गुंडप्पानं घर डोक्यावर घेतलं. त्या गदारोळात मी शुक्रवारी अर्ज देऊन आले, मामाची बोलणी खाल्ली, आणि संध्याकाळी परतले तर ओटा तयार होता. काळाभोर, चौतीस इंचांवर. फक्त खिडकीकडचा दोन हात तुकडा खाली उतरला होता. भाकरी थापायला हात वरून पडावा लागतो, वीरेश म्हणाला, जागा खालीच बरी. तो तुकडा नेमका आईच्या रेघेखाली बसला होता. आणि रेघेवर टाइल नव्हती. तिथं काचेची पट्टी होती, काचेमागं रेघ, नंबर, आईच्या अक्षराचं वळण, सगळं जसंच्या तसं. सांधे नकोत म्हणून माझ्याशी भांडलेल्या माणसानं तिच्यासाठी दोन सांधे वाढवले होते.

मी काचेवरून एकदा बोट फिरवलं. मग पीठ मळायला घेतलं.

तो दारात उभा होता, चप्पल घालू की नको अशा बेतात.

"वीरेश," मी वळून बघितलं नाही. "ऊटा आयता?"

"इल्ला री."

"मग जेवूनच जावा. रोज जेवून गेलात तरी... माझी ना न्हाई."

चप्पल बाजूला सरकल्याचा आवाज आला.

"रोज म्हणजे," तो म्हणाला, "किती दिवस?"

"टिकाऊ काय ते तुम्हालाच कळतं. तुम्हीच ठरवा."

तो हसत हात धुवायला नळावर गेला, आणि जाता जाता कोपऱ्यातला आईचा पाट उचलून जेवायला मांडून गेला. एकतीस वर्षांनी तो पाट बसायच्या कामाला आला.

पहिली भाकरी फुगली. मी ती ताटलीत घेतली, खालच्या तुकड्यावर ठेवली, काचेमागच्या रेघेसमोर. नळ बंद झाला होता. तो ऐकतोय हे मला माहीत होतं, तरी मी मोठ्यानं विचारलं.

"आई, तू जेवलीस का?"