ओंजी, रड्ड, मूजी

"गप्प! ती मोजतेय!" इसक्कीने सुडलैच्या तोंडावर हातच ठेवला.

मे महिन्याची सुट्टी, आणि दोघं बहीणभाऊ अम्माच्या ओसरीवर विड्यांना दोरा बांधायला जुंपलेले. सहा दिवसांपूर्वी तमिळनाडूतल्या तेनकासीच्या बस स्टँडवर अम्माला सापडलेली पाट्टी, म्हणजे म्हातारी आजी, शेजारी विड्या वळत होती. हात कसा सफाईने चालायचा! पण बोलायचं नाव नाही. तलाठ्यांनी "मुकी, वेडी" असं लिहूनही टाकलं. मोठ्या माणसांनी एकदा कागदावर लिहिलं की संपलंच! उद्या गाडी येऊन तिला वेड्यांच्या इस्पितळात नेणार होती.

पंचवीस विड्यांचा कट्टा बांधताना पाट्टी पुटपुटत होती, "ओंजी, रड्ड, मूजी, नाल..."

"बडबडतेय झालं," सुडलै म्हणाला.

"अरे मठ्ठा! आपलं तमिळ चार नालु, तिचं नाल. आपलं दहा पत्तु, तिचं पत्त. आणि आठ-नऊला एणमा, ओर्म्बा! रोज तेच, त्याच क्रमाने. वेडं माणूस असं मोजतं होय?"

आकडे वहीत उतरवून दोघं सायकलवर डबलसीट निघाले. तलाठ्यांनी "खेळा जा!" म्हणून हाकललं. मल्याळी चहावाला म्हणाला, "आमचं नव्हे हे." शेवटी उडुपी हॉटेलात इसक्कीने धापा टाकत वाचलं, "एणमा, ओर्म्बा, पत्त!"

कोरगप्पा आचाऱ्याने उलथनं खाली ठेवलं. "ही तर आमची तुळू भाषा! मंगळूरकडची! कोण मोजतं असं?"

तो तसाच आला. पाट्टीजवळ उकिडवा बसून त्याने हळूच काही विचारलं. तिचे हात थांबले. मग ती जी रडायला आणि बोलायला लागली! सगळी गल्ली जमली, तलाठीही आले.

"काय म्हणते?" अम्माने विचारलं.

कोरगप्पाला मान वर करवेना. "मुलगा बसची वेळ बघून येतो म्हणाला. तो येणार नाही, हे हिला तेव्हाच कळलं होतं. 'मी बोलले तर पोलीस त्याला धरतील, म्हणून गप्प राहिले,' म्हणते."



"गाडी परत पाठवा," अम्मा म्हणाली. "ती इथंच राहील."

तलाठ्यांनी कागद फाडला. "शाबास रे पोरांनो! आम्हाला जमलं नाही ते तुम्ही केलंत!"

"कसली शाबासकी, साहेब?" इसक्कीला रडूच फुटलं. "आम्हाला वाटलं, घरचे हिला शोधत असतील. हिला तर कुणी शोधतच नव्हतं!"