ताईच्या समोरची खुर्ची

ही गोष्ट ऐकीव नाही. माझ्यावरच बेतलेली आहे.

रविवारची दुपार. ताईच्या घरातली पुढची खोली. बाहेर लख्ख ऊन. भुताखेतांना मी तोवर हसायचे.

ताई मानसतज्ज्ञ. गुन्हा करताना आरोपीचं मन ठिकाणावर होतं का, हे तपासून ती कोर्टाला कळवते. जामिनावरचे आरोपी याच खोलीत तिच्यासमोर बसायचे. पहिल्या प्रश्नाआधी त्यांना बजावायचं, हा कामाचा नियम.

"मी तुमची डॉक्टर नाही. इथं बोलाल ते कोर्टात जाईल."

एका शिवणकाम करणाऱ्या बाईला ताईनं हे सांगितलंच नाही. सुई टोचू नये म्हणून घालतात ते धातूचं अंगुस्तान बोटात ठेवूनच ती यायची. बोलताना टेबलावर वाजवायची. ढसाढसा रडून तिनं सगळं सांगितलं. कोर्टात तेच तिच्या अंगाशी आलं. ती तुरुंगातच वारली.

"बजावायचं विसरले गं," ताई म्हणाली होती.

मी विश्वास ठेवला. सख्खी बहीण ती.

नवऱ्याचं घर सोडून मी लेकीसह तिच्याकडेच राहत होते. लेक कुणाकडे राहणार, याचा खटला चालू होता.

त्या दुपारी लेक आत झोपलेली. ताईनं मला आरोपींच्या त्या खुर्चीत बसवलं.

"किती कुढशील? बोल. मी आहे ना."

मी तोंड उघडलं आणि…

टक.

"कसला आवाज गं?"

"कुठे काय? बोल तू."

टक… टक…

अगदी माझ्या कोपराजवळ. मग कानाशी गार श्वास… आणि बाईचा दबका आवाज.

"ही तुझी डॉक्टर नाही. इथं बोलशील ते कोर्टात जाईल."

मी ताडकन उठले. खोलीत आम्ही दोघीच होतो. ताईचा चेहरा पांढराफटक पडला होता.

तरी तिनं मला पाणी दिलं. डोक्यावरून हात फिरवला. "डोकं शिणलंय तुझं."

आणि मी वेडी, बोलले. झोपलेल्या लेकीला कुलपात ठेवून मी एकदा संध्याकाळभर भटकले होते. परत येऊच नये असं वाटलं होतं.

पुढच्या तारखेला नवऱ्याच्या वकिलानं साक्षीदार बोलावला.

ताई.

तिनं शब्दन् शब्द सांगितला. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. लेक नवऱ्याकडे गेली. माझ्या बहिणीनं माझा केसानं गळा कापला.

बाहेर तिला गाठून एवढंच विचारलं, "त्या बाईला बजावायचं खरंच विसरली होतीस?"

"बजावलं असतं तर ती बोलली असती का?"

त्यानंतर मी तिचं तोंड पाहिलेलं नाही.

आता दुसरीकडे खोली घेऊन एकटी राहते. लेक रविवारी भेटायला येते. लेक परत मिळवण्यासाठी अपील करायचं मनात आहे. कुणाजवळ बोललेले नाही.

परवा लेक समोर बसली, पाय हलवत. "आई, बाबांचं एक गुपित सांगू? कुणाला सांगायचं नाही हं."

"सांग ना," मी म्हणाले. "मी आहे ना."

तेवढ्यात…

टक.

या वेळी लेकीच्या कोपराजवळ.