कोष्टी पेठेचा तुटबिंदू

प्रयोगशाळेतल्या पडद्यावरची रेषा वाकायलाच तयार नव्हती. वैजयंती इंगवलेने तिसऱ्यांदा आकडेमोड तपासली आणि चष्मा काढून डोळे चोळले. यंत्रात दोष नव्हता. असता तर तिला बरं वाटलं असतं.

यंत्र तिचंच होतं. सामन्याला येणाऱ्या प्रत्येकाच्या मनगटावर तिकिटाऐवजी एक पट्टी असे आणि ती नाडीवरून त्याची संघाबद्दलची ओढ मोजून रेषेच्या रूपात दाखवत असे. कोल्हापुरातल्या कोष्टी पेठ तालमीचा फुटबॉल संघ एका कंपनीने विकत घेतला, तेव्हा वैजयंतीने हे ओढमापक मोठ्या हौसेने त्यांच्या हवाली केलं होतं. पेठेची तळमळ मालकांना कळेल, असं त्या भाबडीला वाटलं होतं.

दोन वर्षांत संघाची पार रया गेली. प्रशिक्षक गेला, चांगला गोलरक्षक गेला, मैदानाला पाणी मारणंही बंद झालं. संघ सलग एकोणीस सामने हरला. पेठ मालकांना शिव्यांची लाखोली वाहायची आणि पुढच्या रविवारी पुन्हा हजर व्हायची.

"काय काढून घ्यायचं, हे ठरवतं कोण, सर?" तिने प्रयोगशाळेतल्या मेंदूतज्ज्ञ डॉ. मुजावरांना विचारलं.

"कंपनीचं निर्णययंत्र. त्याला आज्ञा एकच आहे. प्रेक्षक टिकवायला लागेल तेवढंच द्यायचं. प्रत्येकाच्या ओढीला एक तुटबिंदू असतो. निराशा साचते, रेषा वाकते आणि एक दिवस माणूस घरी बसतो. यंत्र एकेक गोष्ट काढून घेत त्या बिंदूपर्यंत जातं आणि जरा अलीकडे थांबतं."

"आणि तुटबिंदू सापडलाच नाही तर?"

मुजावरांनी पडद्यावरच्या सरळ रेषेकडे पाहिलं. "तर थांबायचं कुठे, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही."

वैजयंतीचे आप्पा चाळीस वर्षं या संघासाठी हलगी वाजवत होते. आई गेल्यावर त्या माणसाला उभं ठेवलं होतं ते रविवारच्या सामन्यानेच.

"मग तुटबिंदू आपणच दाखवू," ती म्हणाली. "एक रविवार मैदान ओस पडलं की यंत्र घाबरेल. नेलेलं सगळं परत देईल."

तालमीत बैठक भरली. तिने सगळं समजावून सांगितलं. आखाड्यातली लाल माती कपाळाला लावून सगळ्यांनी शपथ घेतली, की येत्या रविवारी मैदानात पाऊल टाकायचं नाही. पहिली माती आप्पांनी लावली. या मातीची शपथ पेठेत कुणी मोडत नाही.

रविवारी चार वाजता वैजयंतीला घरी बसवेना. खरंच कुणी गेलं नसेल ना, एवढं नुसतं डोकावून यावं, म्हणून ती निघाली. पट्टीशिवाय फाटक उघडत नसे, म्हणून तिने पट्टी चढवली.

मैदान खच्चून भरलं होतं. खाली मान घालून सगळे बसले होते, कुणी कुणाकडे बघत नव्हतं. तिसऱ्या पायरीवर आप्पा होते आणि त्यांच्या शालीखाली हलगी होती.

"आप्पा, तुम्ही?"

"कोण शपथ मोडतंय, ते बघाय आलोय."

"आणि हलगी?"

आप्पांनी शाल हलगीवर आणखी ओढली. मग दुखावल्या आवाजात म्हणाले, "तू कशाला आलीयास, वैजू?"

वैजयंतीने मनगटावरची पट्टी बाहीखाली सरकवली. तेवढ्यात मुजावरांचा फोन आला. त्यांचा आवाज पडला होता. "वैजयंती, रेषा आणखी वर गेली आहे. शपथेची बातमी कंपनीपर्यंत गेली होती; शपथ घेऊनही ही माणसं येतात, हे आता यंत्राला कळलं. त्याला एवढी एकच शंका उरली होती. ती आपण घालवली."

गुरुवारी कंपनीची सूचना आली. संघ स्पर्धेतून काढून घेतला होता आणि खेळाडूंना निरोप दिला होता. शेवटी एक ओळ होती: रविवारी चार वाजता मैदान नेहमीप्रमाणे उघडं राहील.

मुजावरांनी तिला जाऊ नको म्हणून बजावलं. पण आप्पांना एकटं कसं सोडायचं?

मैदानात ना खेळाडू, ना पंच, ना चेंडू. वाळलेल्या गवतावर एक कुत्रं निजलं होतं. पायऱ्यांवर जागा नव्हती. चारला आप्पांनी हलगीवर थाप मारली आणि पेठ एका आवाजात ओरडली. रिकाम्या गोलकडे बघत लोकांनी नव्वद मिनिटं मालकांना शिव्या घातल्या. वैजयंती आप्पांशेजारी उभी होती. थोड्या वेळाने आपणही ओरडतो आहोत, हे तिच्या ध्यानात आलं.

शेवटी आप्पांनी हलगी खाली ठेवली. कितीतरी दिवसांनी ते हसत होते.

"चला," ते म्हणाले, "आज हरलो तर न्हाई."

तिने मनगटावरची पट्टी पाहिली. तिची स्वतःची रेषा वर चढत होती.