ईझी मोडवालं गिऱ्हाईक

गेमचा कन्सोल विकायला काढला तेव्हा मी ठरवूनच टाकलं होतं, पहिलं जे गिऱ्हाईक येईल त्याला देऊन मोकळं व्हायचं. तलाठी भरतीत दोनदा आपटले होते. बाबा म्हणाले, ही शेवटची खेप, नाहीतर स्थळं पाहतो. आणि माझा जीव सगळा त्या गेमच्या डब्यात!

पहिला आला तो आमगावचा हिमांशु. ऑनलाइन जाहिरात पाहून आलेला, घरचं बी-बियाण्याचं दुकान, हेल्मेटनं केस पार चपटे झालेले... पण हसला की बरा दिसायचा. फुलचूरच्या आमच्या अंगणात आईनं उन्हात खुर्ची टाकली, चहा दिला. सौदा जमतच आला होता, तेवढ्यात मी विचारलं, कोणते गेम खेळता?

"ईझी मोडवर, एकदम सोप्या पातळीवर जे चालतात ते," तो म्हणाला. लाजला पण नाही.

माझं डोकंच सटकलं. म्हटलं, मग घेता कायले? लोक जीव ओतून चार-चार हजारांचे गेम बनवतात, आणि तुमच्यासारख्या टाइमपासवाल्यांच्या नादी लागून सगळे मिळमिळीत होऊन राहिले.

तो आरामात चहात बिस्कीट बुडवत होता. म्हणाला, साठ तास खेळणाऱ्याला ती किंमत ठीक आहे. मला रविवारचे दोन तास भेटतात. दोन पुऱ्या खाणाऱ्याकडून अख्ख्या ताटाचे पैसे घ्यायचे, वरून त्याला नीट वाढायचंही नाही, हा कुठला न्याय?

मी म्हटलं, कष्टाशिवाय शेवट दिसला तर त्यात मजा काय? यावर तो हळूच म्हणाला, "ज्याले पहिल्याच राक्षसानं दहादा परत धाडलं, त्यानं शेवट पाहूच नाही का?"

झालं... मला माझ्या दोन परीक्षा आठवल्या. मेले डोळे भरून आले.

त्यानं कप खाली ठेवला. "कन्सोल काऊन विकून राहिली तू?"

'तुम्ही'चा 'तू' कधी झाला, दोघांनाही कळलं नाही. मी सगळं सांगून टाकलं. अनोळखी माणसाला असं कोणी सांगतं का? पण तो ऐकतच असा होता, की थांबावंसं वाटेना.

"अभ्यास कर ना," तो म्हणाला. "पण आवडीची गोष्ट विकून सोताले शिक्षा कायले? गेमवाले तरी ईझी मोड देतात. तू सोताले तेवढाही देऊन नाही राहिली."

स्वयंपाकघरातून आईनं विचारलं, जमला का सौदा?

"नाही विकायचा," मी म्हटलं.

त्यानं हेल्मेट उचललं, फाटकापर्यंत गेला आणि वळला. "म्हणजे मी आमगाववरून उगाच आलो?"

हा माणूस आता गेला तर मला करमणार नाही, एवढं मात्र स्वच्छ कळलं होतं.

"उगाच कायले? दर रविवारी येत जा. तुझे दोन तास इथं खेळ. मी बाजूले अभ्यास करीन."

"परीक्षेपर्यंत?"

आतली भांडी वाजायची थांबली होती. आई कान देऊन ऐकतेय, हे कळत होतं... तरी मी आवाज खाली आणला नाही.

"त्याच्यानंतरही."